परिचयपृष्ठ (लघुव्यवसायाचे)

परिचयपृष्ठ : पेढीचा मालक कोण, तिचे ठिकाण कोठे, ती केव्हापासून चालते आणि माल कसा तयार होतो, ही हकीकत गिऱ्हाइकास सांगणारे व्यावसायिक संकेतस्थळावरील पान. प्रचारात ते ‘आमच्याविषयी’ या मथळ्याखाली आढळते. मालाची यादी व भाव अन्यत्र दिलेले असल्यामुळे या पानाकडे वळणारा वाचक बहुधा पैसे देण्यापूर्वी माणसाची खातरजमा करू पाहत असतो. म्हणून या लेखनाचे प्रयोजन स्तुती नसून पुरावा हे होय, जरी प्रत्यक्षात अशा पानांवर विशेषणांचाच सुकाळ असला तरी.

परक्या माणसाचा विश्वास संपादण्याची रीत नाशिक क्षेत्री जुनी आहे. येथील व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गावे, कुळे व वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या असून, रामकुंडावर आलेल्या अनोळखी यजमानास उपाध्याय स्वतःच्या विद्वत्तेचे वर्णन ऐकवीत न बसता त्याच्याच आजा-पणजाची नोंद काढून दाखवितो. मुद्रणाच्या काळातील उदाहरण किर्लोस्करवाडीचे. शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणारे पत्रक होते, आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले; धंद्याचा मजकूर नीरसच असावा लागतो, या समजुतीस एवढे उत्तर पुरे.

नाशिक जिल्ह्यात अशा लेखनाची खरी परीक्षा येवल्याच्या पैठणीपाशी होते. हातमागावरील पैठणी आणि यंत्रमागावरील तिची नक्कल यांच्या किमतींत मोठे अंतर असते, दूरस्थ ग्राहकाला वस्त्र हाताळता येत नाही, आणि ‘परंपरेचा अनमोल वारसा’ हे शब्द नक्कल विकणाराही तितक्याच सहजतेने लिहितो. अशा स्थितीत विणकराने रेशीम व जर कोठून आणली, जर खऱ्या चांदीची की कृत्रिम, माग घरचे की मजुरीवर दिलेले, पदर विणावयास किती आठवडे लागले, हे सांगावे. काठ-पदरावरील नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी हाताने गुंफली जाते म्हणून उलट बाजूसही ती सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, हे समजावून दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी-शेजारी द्यावीत. भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असल्यास, अथवा २००६ मध्ये सुरू झालेल्या हातमाग चिन्हाची परवानगी असल्यास, तिचा क्रमांक द्यावा. यांतील प्रत्येक विधान ग्राहकास पडताळता येते, आणि तेच त्याचे मोल.

स्थापनेची कथा हा या पानाचा सर्वांत मोहक व सर्वांत बिघडलेला भाग. कॅलिफोर्नियातील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूरच्या कौटुंबिक जमिनीत द्राक्षवेली लावल्या आणि आई सुलभा यांच्या नावावरून मद्यनिर्मितीच्या उद्योगास ‘सुला’ हे नाव दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिच्या अनुकरणाने प्रत्येक चिवडेवाल्याने आपल्या दुकानामागे स्वप्न व संघर्ष कल्पावा, हे हास्यास्पद होय. वडिलांचे दुकान होते, मुलाने ते चालविले, भट्टी अजून घरामागेच आहे, एवढे खरे असेल तर तेवढेच लिहावे.

काही तपशील तर ऐच्छिकही नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याने कायदेशीर नाव, मुख्यालय व शाखांचे पत्ते आणि तक्रारनिवारण अधिकाऱ्याचा संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याच्या आत व्हावे लागते. मनुका, चिवडा यांसारख्या खाद्यपदार्थांच्या विक्रेत्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो. तोही येथे द्यावा.

मजकूर मराठीत प्रथम लिहून मग अन्य भाषांत न्यावा, कारण मालक ज्या भाषेत गिऱ्हाइकाशी बोलतो तिच्यातच त्याची अतिशयोक्ती त्याला लवकर खटकते.

एक नाजूक बाब घरच्या वाटणीची. जुन्या पेढीची दोन दुकाने झाली की दोन्ही भावांच्या पानांवर आजोबांचे छायाचित्र आणि एकच स्थापनावर्ष झळकते, आणि ग्राहक संभ्रमात पडतो. मूळ पेढी अमुक सालची व हे दुकान तमुक सालापासून स्वतंत्र, अशी दोन्ही वर्षे दिल्यास आजोबांवरील हक्क कोणाचाच कमी होत नाही.