बोली पाच, कचेरी एक

जर्मन भाषेत एक शब्द आहे, काउडरवेल्श. अर्थ काय, तर अगम्य बडबड, काहीच्या बाही बोलणं. मूळ अर्थ मात्र कूर गावाकडची माणसं बोलतात ते, असा मानला जातो. एका जित्याजागत्या समाजाची भाषा शेजाऱ्यांनी शिवी म्हणून वापरायला घेतली. हे वाचलं आणि त्या माणसांबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. आपण तोंड उघडलं की हसणारा वर्ग आपणही पाहिलेला आहे.

ती भाषा रोमान्श. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातला ग्राऊब्युंडेन प्रांत हे तिचं घर. मित्रांनो, स्वित्झर्लंडचं नाव आपल्याला नवं नाही. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी ते घेतलं होतं. एका राज्याची एकच भाषा असावी, असं त्यांचं म्हणणं. त्यावर कुणी कॅनडा, स्वित्झर्लंड, दक्षिण आफ्रिका दाखवील, हे ओळखून त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं : त्या देशांचा पिंड जोडण्याचा, आपला तोडण्याचा. मग तिथली ही जोडणी झाली कशी, कुणाला धरून आणि कुणाला वगळून, हे बघायला मी या प्रांताचा इतिहास वाचत गेलो.

प्रांत डोंगरी. ७,१०५ चौरस किलोमीटर, त्यात दीडशेच्या आसपास खोरी. पश्चिमेच्या सुरसेल्वा खोऱ्यातलं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला जातं. एंगादिन खोऱ्यातली इन नदी डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडे जाते. अगदी पूर्वेला व्हाल म्युस्तायर, तिथली रोम नदी इटलीत उतरते. एका भाषेची माणसं, पण पाणी तीन समुद्रांना. हिवाळ्यात बर्फानं घाट बंद झाले, की एका खोऱ्याला दुसरं परदेशासारखंच. भाषेचे पाच तुकडे पडले ते असे : सुरसिल्वान, सुत्सिल्वान, सुरमिरान, पुतेर, वल्लादेर.

इसवी सनापूर्वी १५ साली रोमन फौजांनी हा मुलूख जिंकला. शिपाई, व्यापारी, कारकून जी रांगडी लॅटिन बोलत, तिच्यातून ही भाषा झाली. पंडितांच्या लॅटिनमधून नव्हे, हे ध्यानात ठेवा. १४६४ साली कूर शहर जळालं. ते पुन्हा उभं करायला जर्मन बोलणारे कारागीर आले, तिथेच राहिले, आणि शहर जर्मन झालं. रोमान्शला तेव्हापासून स्वतःचं शहर नाही. शहर नाही म्हणजे मोठी कचेरी नाही, विद्यापीठ नाही, आणि ‘शुद्ध’ काय हे ठरवणारी पेठही नाही. या शेवटच्या गोष्टीचं मला फारसं दुःख होत नाही.

कारण शुद्ध ठरवणारं कुणी नसल्यामुळे ज्यानं त्यानं आपल्या बोलीत छापलं. १५६० साली याखियाम बिफ्रुननं बायबलचा नवा करार पुतेर बोलीत आणला. धर्मसुधारणेचा काळ होता. कुठला पंथ धरायचा हे गावसभा ठरवत असे. प्रोटेस्टंट गावांची पुस्तकं वेगळी, कॅथलिक गावांची वेगळी, आणि पुस्तकाबरोबर बोलीही पक्की होत गेली.

या गावसभांचं युरोपात मोठं कौतुक होतं. १३६७, १३९५ आणि १४३६ साली इथे तीन संघ उभे राहिले, १५२४ साली त्यांनी एक करार केला, सत्ता गावांच्या हातात ठेवली. लोकशाही म्हणा हवं तर. पण हेच स्वतंत्र गावकरी १५१२ पासून १७९७ पर्यंत शेजारच्या इटालियन बोलणाऱ्या व्हालतेल्लिना खोऱ्याचे मालक होते. तिथलं अधिकारपद पैसे मोजून मिळायचं, आणि विकत घेणारा तो पैसा रयतेकडून वसूल करायचा. घरात समता, उंबऱ्याबाहेर रयत. गावगाड्याचं कौतुक ऐकलं की आपले कान टवकारतात, ते उगीच नाही. १८०३ साली नेपोलियननं हा प्रांत स्वित्झर्लंडला जोडला.

पुढची मोडतोड तलवारीनं केली नाही, पोटानं केली. १९०४ साली आगगाडी सेंट मॉरिट्झला पोचली. श्रीमंत पाहुणे आले, हॉटेलं आली, नोकरीची भाषा जर्मन झाली. सुरसेल्वातली गरिबांची पोरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून दर वसंतात चालत जर्मन मुलखात जात आणि शेतकऱ्यांकडे हंगामभर गुरं राखत. त्यांच्या मजुरीचे सौदे बाजारात उभं करून होत. १८८० साली प्रांतात शंभरात चाळीसच्या आसपास माणसं रोमान्श बोलणारी होती, २००० साली पंधराही उरली नाहीत.

दरम्यान मानमरातब मात्र वाढत गेला. शेजारी मुसोलिनी रोमान्शला इटालियनची पोटबोली ठरवू पाहणाऱ्यांच्या पाठीशी होता. त्याला उत्तर म्हणून १९३८ साली स्विस मतदारांनी तिला राष्ट्रभाषा केलं, शंभरात नव्वदहून जास्त मतं बाजूनं. राष्ट्रभाषा, पण राज्यकारभाराची भाषा नव्हे. पाटावर बसवलं, ताट वाढलं नाही. तो अधिकार १९९६ साली मिळाला, तोही रोमान्श बोलणाऱ्यांशी होणाऱ्या व्यवहारापुरता.

आता कचेरीपुढे प्रश्न : पाचांतली कुठली? १९८२ साली झुरिकचे भाषापंडित हाइनरिख श्मिड यांनी एक नवी लेखी भाषा बांधून दिली, रुमान्च ग्रिश्शुन. रीत साधी. सुरसिल्वान, सुरमिरान, वल्लादेर या तिघींत बहुमत बघायचं. दुधाला दोघी ‘लाच’ म्हणतात, एक ‘लात’, म्हणून लाच. (आपल्याकडच्या कचेरीला हा शब्द शिकवावा लागणार नाही.) श्मिड यांना मी वाईट म्हणत नाही. पाच बोलींत कायदे छापायला पैसे कुणी देत नव्हतं, नाहीतर सगळं जर्मनच झालं असतं. पण २००३ साली प्रांताच्या विधिमंडळानं खर्च वाचवायला ठरवलं, की पाठ्यपुस्तकंसुद्धा यापुढे याच भाषेत. तिथे ठिणगी पडली. ही भाषा कुणाच्याच आईची नव्हती.

व्हाल म्युस्तायरनं ती शाळेत आधी घेतली, २००७ साली. तिथली बोली याउएर. ‘मी’ला वल्लादेरवाले ‘एउ’ म्हणतात, हे ‘याउ’ म्हणतात, म्हणून हे नाव. ही बोली पाचांतही मोजलेली नाही, त्यांची पोरं पूर्वापार वल्लादेरची पुस्तकं वाचत आलेली. गंमत म्हणजे नव्या भाषेत ‘मी’साठी ‘याउ’च घेतलेलं. तरी काही वर्षांतच खोरं वल्लादेरकडे परत गेलं. इतर गावांतही पालक उठले, आणि २०११ साली विधिमंडळाला बोलींतली पुस्तकं पुन्हा मान्य करावी लागली.

कारभाराचा हिशेब २००७ साली मतदारांनी मंजूर केलेल्या भाषा-कायद्यात आहे. गावात शंभरात चाळीस रोमान्श, तर कारभार फक्त रोमान्श. वीस ते चाळीस, तर दोन भाषांत. अल्पसंख्याकांच्या बाजूनं झुकलेला कायदा आहे, हे मान्य करायला हवं. पण मोजायचं ते गावात. २०१४ साली १३ नगरपालिका मिळून इलांझ झालं, ते दुभाषी. हद्द बदलली की टक्का बदलतो.

आणि ज्यांना गावच नाही? याच प्रांतात येनिश राहतात. फिरस्ते, टोपल्या विणणारे, भांड्यांना कल्हई करणारे, स्वतःची बोली असलेले. १९२६ ते १९७३ या काळात प्रो युव्हेंतूते या संस्थेनं सरकारच्या मदतीनं सुमारे ६०० मुलं आईबापांपासून तोडली, भटकेपण मोडायचं म्हणून. त्यातली बरीचशी ग्राऊब्युंडेनची. रोमान्शला राष्ट्रभाषा केलं त्या १९३८ सालीही हे चालूच होतं. येनिश बोलीला मान्यता मिळाली १९९७ साली, ‘कोणत्याही प्रदेशाशी न बांधलेली भाषा’ म्हणून. चाळीस टक्क्यांच्या कायद्यात तिला मोजायला जागा नाही. त्या मुलांवर जे झालं तो मानवतेविरुद्धचा गुन्हा होता, हे स्विस सरकारनं कबूल केलं २०२५ साली.