डीबग चालू राहिलं त्या रात्री

१९८८ साली युनिक्सवर मेल सर्व्हर बसवणं म्हणजे सेंडमेल बसवणं. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम बीएसडी युनिक्सबरोबरच यायचा, आणि त्याची कॉन्फिगरेशन फाइल भल्याभल्यांना घाम फोडायची. कुठला पत्ता कसा वाचायचा, कुठली मेल कुठल्या वाटेने पुढे ढकलायची, याचे नियम तिच्यात एक-दोन अक्षरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले असत. एक टिंब चुकलं तरी मेल अडकायची. कुठे अडकली ते शोधता यावं म्हणून सेंडमेलमध्ये ‘डीबग’ नावाची आज्ञा होती. ती चाचणीसाठी होती. पण सेटअप इतका किचकट, की पुन्हा कधीही लागेल म्हणून अनेकांनी ती तशीच चालू ठेवली. कित्येक विक्रेत्यांकडून सेंडमेल यायचं तेच डीबगसकट.

पुढच्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आहेत.

बुधवार, २ नोव्हेंबर १९८८. संध्याकाळी ६ च्या सुमारास

कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस स्वतःहून पसरणारा एक प्रोग्रॅम, म्हणजेच वर्म, इंटरनेटवर सोडतो. माग लागू नये म्हणून सोडतो तो एमआयटीच्या मशीनवरून. प्रोग्रॅमचं लक्ष्य दोनच: बीएसडी चालवणारी व्हॅक्स मशीन्स आणि सन-३ वर्कस्टेशन्स.

६.२४

सांता मोनिकातल्या रँड कॉर्पोरेशनच्या मशीनमध्ये शिरकाव.

७.०४

बर्कलीचं एक मुख्य गेटवे मशीन बाधित. माईक कॅरल्स आणि फिल लॅप्सली यांच्या ते लवकरच लक्षात येतं. कॅरल्स तर बर्कलीचं युनिक्स घडवणाऱ्यांपैकीच.

७.५४ ते ८.२८

मेरीलँड विद्यापीठाच्या मशीनवर आधी ‘फिंगर’ या वापरकर्त्यांची माहिती सांगणाऱ्या सेवेतून हल्ला. ५१२ बाइटच्या जागेत त्याहून जास्त मजकूर कोंबला की व्हॅक्सवर ताबा मिळतो. अर्ध्या तासाने त्याच मशीनवर मेलमधून हल्ला येतो.

हा मेलचा हल्ला नीट पाहण्यासारखा आहे. वर्म सेंडमेलशी जोडणी करतो आणि म्हणतो, ‘डीबग’. समोरून होकार येतो. मग पाठवणारा म्हणून तो ‘देव्ह नल’ हे नाव देतो, म्हणजे कुणीच नाही. मेल घेणारा म्हणून माणसाचा पत्ता न देता एक आज्ञा देतो: वरचे हेडर कापून टाक आणि उरलेला मजकूर शेलच्या हवाली कर. एरवी बाहेरून आलेल्या मेलला प्रोग्रॅमचा असा पत्ता सेंडमेल देऊच देत नाही. डीबग चालू असलं की देतं. मेलच्या मजकुरात सी भाषेतला ९९ ओळींचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो त्याच मशीनच्या कंपायलरवर तयार होतो, उलट फोन करावा तसा हल्लेखोर मशीनला जोडला जातो आणि उरलेला वर्म ओढून आणतो. पासवर्ड लागला नाही, कुणी कुठलं बटण दाबलं नाही. मेल सर्व्हरने मेल स्वीकारली, एवढंच घडलं.

फिंगरची युक्ती फक्त व्हॅक्सवर चालायची. सन-३ मशीन्सच्या वाट्याला मुख्यतः हीच मेलची वाट आली. शिवाय पासवर्ड ओळखून आणि मशीन्सच्या आपसातल्या विश्वासाच्या याद्या वापरूनही वर्म पुढे सरकत होता. पासवर्ड ओळखण्यासाठी ४३२ शब्दांची यादी त्याने बरोबर आणली होती.

८.४०

बर्कलीच्या मंडळींना सेंडमेलचा हल्ला उमगतो. ते एकेक सेवा बंद करायला लागतात.

८.४९

युटा विद्यापीठाच्या संगणक विभागातलं व्हॅक्स ८६०० बाधित. एरवी रात्री या मशीनवरचा लोड १ च्या आसपास असायचा. ५ च्या वर गेला की कामं रेंगाळू लागतात. ९.२१ ला ५. ९.४१ ला ७. १०.०१ ला १६. १०.०६ ला मशीनवर नवी प्रोसेस सुरूच होईना. लॉगिन नाही, तपास नाही, काही नाही.

असं का व्हावं? आधीच बाधित झालेल्या मशीनवर दुसरी प्रत नको, ही तपासणी वर्ममध्ये होती. पण कुणी खोटी प्रत बसवून आपल्याला फसवेल या भीतीने मॉरिसने सातातली एक प्रत काहीही झालं तरी चालूच राहील अशी सोय केली. हिशेब साफ चुकला. एकेका मशीनवर प्रतींचा ढीग झाला, आणि गुपचूप पसरायला निघालेला प्रोग्रॅम मशीन्स गुदमरवू लागला.

१०.२० ला युटाचे व्यवस्थापक सगळ्या प्रती मारतात. १०.४१ ला मशीन पुन्हा बाधित, लोड २७. १०.४९ ला मशीन बंद करून पुन्हा चालू. ११.२१ ला लोड ३७. साफ केलेल्या मशीनची भोकं तशीच होती, म्हणून साफसफाई फार वेळ टिकत नव्हती.

११.२८

नासाच्या एम्स केंद्रातले पीटर यी मेलवरून सगळ्यांना इशारा देतात: बर्कली, सॅन दिएगो, लिव्हरमोर, स्टॅनफर्ड आणि एम्स हल्ल्याखाली आहेत. टेलनेट, एफटीपी, फिंगर, आरएसएच आणि एसएमटीपी बंद करा, असं ते सुचवतात. एसएमटीपी म्हणजे मेल. सल्ला योग्यच होता. पण ज्याने तो मानला, त्याच्यापर्यंत पुढची मेल पोचण्याचा रस्ताही त्यानेच बंद केला.

गुरुवार, ३ नोव्हेंबर. मध्यरात्री १२.३४

या रात्रीतली सगळ्यात जिवाला लागणारी नोंद हीच. हार्वर्डचे अँडी सडथ निनावी मेल पाठवतात. मॉरिस त्यांचा मित्र. काय करून बसलो हे त्याने त्यांना कळवलं होतं. मेलमध्ये अवघे तीन उपाय होते: फिंगर बंद करा किंवा दुरुस्त करा, सेंडमेल डीबगशिवाय पुन्हा कंपाइल करा, रेक्झेक (दुसऱ्या मशीनवरून आज्ञा चालवू देणारी सेवा) चालवू नका. तिन्ही अचूक. त्या क्षणी हे पोचलं असतं तर शेकडो लोकांची रात्र वाचली असती. पण वाटेतला गेटवे बंद होता. ती मेल दिवसाहून जास्त काळ अडकून राहिली, आणि पोचली तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

पहाटे २.५४

बर्कलीचे कीथ बॉस्टिक सेंडमेलची दुरुस्ती प्रसिद्ध करतात. गाभा तोच: डीबग काढून टाका. जोडीला एक साधा उपाय: कंपायलर आणि लोडर यांची नावं बदला. वर्मला प्रत्येक मशीनवर ही अवजारं लागत होती, ती सापडली नाहीत की त्याचं काम तिथेच थांबायचं.

५.०७

बर्कलीचेच एडवर्ड वाँग फिंगरचा हल्ला उलगडतात आणि मेलने कळवतात. कॅरल्स यांच्या नजरेस ती मेल बारा तासांनी पडते.

सकाळी ९

बर्कलीत वार्षिक युनिक्स कार्यशाळा सुरू होते. देशभरातले चाळीसेक महत्त्वाचे व्यवस्थापक नेमके आज आपापल्या मशीनपासून दूर. बॉस्टिक यांचा दिवस फोनवर जातो. पलीकडे घाबरलेले व्यवस्थापक, आणि अलीकडून तेच ते उपाय पुन्हापुन्हा.

संध्याकाळी ७.१८

फिंगरचीही दुरुस्ती बाहेर पडते. वर्मचा कोड सुटा करण्याचं काम बर्कली आणि एमआयटीत रात्रभर चालतं. शुक्रवारी दुपारी एमआयटीकडून घोषणा होते: वर्म पूर्ण उलगडला.

सुमारे ६,००० मशीन्स बाधित झाल्याचा अंदाज सांगितला जातो, तेव्हाच्या इंटरनेटचा साधारण दहावा हिस्सा. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे मदत केंद्र उभं राहिलं. मॉरिसला १९९० साली तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. गुन्हा त्याचाच, यात शंका नाही. पण सेंडमेलमधल्या त्या वाटेसाठी त्याला काही फोडावं लागलं नव्हतं. मेल सर्व्हर बसवताना सोय म्हणून उघडलेली आणि काम झाल्यावर बंद न केलेली ती वाट होती. पुढे विट्झे व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिहिला तेव्हा सगळे अधिकार एकाच मोठ्या प्रोग्रॅमच्या हाती देण्याऐवजी काम लहान लहान प्रोग्रॅमांत वाटून टाकलं, आणि प्रत्येकाला लागतील तेवढेच अधिकार दिले.

आज तुम्ही पोस्टफिक्स किंवा एक्झिम बसवत असाल, तर पहिली चाचणी मेल आली की लगेच उठू नका. चाचणीपुरती लावलेली सूट, सैल केलेली रिले, तात्पुरतं खातं, वाढवलेलं लॉगिंग, सगळं त्याच बैठकीत काढा. आणि ज्यांच्या सर्व्हरशी तुमचा रोजचा संबंध आहे त्यांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. मेल बंद असेल त्या दिवशी ते मेलमध्ये शोधता येणार नाहीत.