चित्रांतले देव आणि पडद्यावरचीं माणसें



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. जपानांत 'मांगा' म्हणून चित्रकथांचीं पुस्तकें निघतात आणि त्यांवरून 'ॲनिमे' ह्या नांवाचे रेखाटलेले चलत्पट तयार होतात, हें आतां घरांतल्या वडीलधाऱ्यांपेक्षां मुलांनाच अधिक ठाऊक असतें. ह्या कथा पुढें जित्याजागत्या नटांकडून करवून घेण्याचा खटाटोप होतो. त्यांतील कांहीं लोकांना अतोनात आवडतात आणि पुष्कळशा सपशेल आपटतात. असें कां व्हावें, ह्याचें उत्तर टोकियोंत शोधण्याआधीं आपल्या उंबरठ्याशीं शोधावें, असें मी सुचवितों. कारण काढलेल्या चित्राला माणसाचा देह देण्याचा उद्योग महाराष्ट्रांत शंभरांहून अधिक वर्षें चाललेला आहे. किंबहुना भारतीय चित्रपटाचा पायाच त्या उद्योगावर घातला गेला.

उरणच्या मोरा बंदरावर उभें राहिलें म्हणजे समोर घारापुरीचें बेट दिसतें. तें उरण तालुक्यांतच मोडतें. तेथील मोठें लेणें इसवी सनाच्या सहाव्या शतकांतलें. आंत शिरावें, तों भिंतीभिंतीवर भव्य शिल्पपट: रावण कैलास हालवीत आहे, शिवपार्वतींचा विवाह लागत आहे, गंगा शंकराच्या मस्तकावर उतरत आहे, अंधकासुराचा वध चालला आहे. प्रत्येक पटांत कथेचा एकच क्षण धरलेला. त्याच्या आधीं काय घडलें आणि पुढें काय घडणार, हें शिल्पकारानें दाखविलेलें नाहीं. पाहणारा तें मनांत घेऊनच आला आहे, असें त्यानें गृहीत धरलें. दुसरें असें कीं, येथें शंकर ओळखावयाचा तो चेहऱ्याच्या सारखेपणावरून नव्हे, तर जटा, चंद्रकोर, सर्प अशा खुणांवरून. पोर्तुगीज अमदानींत ह्या मूर्तींची पुष्कळ नासधूस झाली. हात गेले, पाय गेले. तरी आजही खेड्यांतून आलेली म्हातारी कोणाला विचारल्यावांचून त्या भग्न पाषाणापुढें हात जोडते. खूण शाबूत असली म्हणजे अवयवांची उणीव मन भरून काढतें. पुढील सर्व इतिहास समजण्यास एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुरे.

हींच चित्रें पुढें दगडांतून कागदावर आलीं आणि गांवोगांव फिरूं लागलीं. कुडाळजवळील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रंगविलेलीं चित्रें एकामागून एक पुढें धरीत आणि वाद्यांच्या साथींत रामायण-महाभारतांतील आख्यानें गाऊन सांगत. ती कला त्यांनीं अद्यापि राखली आहे. एका आख्यानाच्या चित्रसंचाला ते 'पोथी' म्हणतात. मौज अशी कीं, १९३० नंतरच्या दशकांत जपानच्या गल्लीबोळांतूनही असाच मनुष्य हिंडे. सायकलवर लांकडी चौकट, तींत चित्रांचीं पानें, मुलांना खाऊ विकावयाचा आणि चित्रें बदलीत गोष्ट सांगावयाची. ह्या खेळास 'कामिशिबाई' म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर हीं चित्रें काढणारे कित्येक कलावंत मांगाच्या धंद्यांत शिरले. आमच्याकडे १८९२ मध्यें कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या झोतानें पडद्यावर पाडून तीं हालतांना दाखविण्याची करामत त्या खेळांत होती. म्हणजे मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दिसलीं, त्यापूर्वीं चार वर्षें कल्याणांत देव पडद्यावर हालूं लागले होते. मात्र ते रंगाचे देव होते. त्यांना वजन नव्हतें, श्वास नव्हता.

रक्तमांसाकडे जाणारी पहिली पायरी राजा रविवर्मा ह्यांनीं बांधली. त्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना घातला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांतून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला स्वस्त दरांत घरोघर पोंचल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यांत पाऊल टाकण्याची त्या काळीं मनाई होती, त्यांच्याही भिंतीवर देव येऊन बसला. हें रविवर्म्यांचें सामाजिक कार्य त्यांच्या चित्रकलेहून लहान नव्हे, असें मला वाटतें. त्यांनीं देवतांना माणसाचें शरीर दिलें, अंगावर ओळखीचीं लुगडीं नेसविलीं, मागें ओळखीचे डोंगर उभे केले. परंतु मोर, वीणा, कमळ ह्या खुणा मात्र जागच्या जागीं ठेवल्या. जुन्या मूर्तिशास्त्रांतील चिन्ह आणि नव्या तैलचित्रांतील देह ह्यांची ही सांगड लोकांना इतकी मानवली कीं, पुढील दोन पिढ्यांनीं देव डोळ्यांपुढें आणावा तो रविवर्म्यांच्याच चित्रांतून.

ह्या छापखान्यासाठीं छायाशिळेचें काम करणारांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेले, पुराणवस्तुसंशोधन खात्यांत नोकरी केलेले, छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग दोन्ही हातखंडा असलेले. १९११ सालीं गिरगांवांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतांना त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहूं लागले, ही हकीकत त्यांनींच पुढें लिहून ठेविली आहे. हे राम-कृष्ण कोणत्या रूपांत उभे राहिले असतील, हें वेगळें सांगावयास नको. ज्या दगडांवरून त्यांनीं सहस्रावधि देव छापले, तेच आतां उठून चालूं लागले.

पण चालण्यासाठीं पाय हवेत, आणि येथेंच खरी अडचण होती. 'राजा हरिश्चंद्र' मधील तारामतीसाठीं कोणतीही स्त्री पुढें येईना. ज्यांना समाजानें आधींच बहिष्कृत केलें होतें, त्यांनीं सुद्धां नकार दिला. शेवटीं ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत स्वयंपाकाचें काम करणारे अण्णा साळुंके सांपडले. नाजूक हात आणि सडपातळ बांधा, एवढ्या भांडवलावर ते महाराणी झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशन चित्रगृहांत हा पट लागला. पहिलेंच दृश्य पाहावें: राजा, राणी आणि बाळ, राजा मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे. क्षणभर वाटावें, भिंतीवरची तसबीरच कोणी पडद्यावर टांगली. मग ती तसबीर हालते. ह्या हालण्यांत प्रेक्षकांना जो आनंद झाला असेल, तो आज आपल्याला कल्पनेनेंच जाणावा लागेल.

साळुंक्यांच्या अंगांत मुळांत तारामती कोठें होती? कोठेंच नाहीं. तरीही लोकांनीं त्यांना तारामती मानलें आणि पुढें १९१७ च्या 'लंकादहन' मध्यें त्याच साळुंक्यांना राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिकांत पाहिलें. राम पडद्यावर येतांच प्रेक्षक पादत्राणें काढून ठेवीत, असें सांगतात. नटाचा चेहरा चित्राशीं जुळावा, हा आजच्या वादांतला मोठा मुद्दा. त्या काळच्या प्रेक्षकाला तो मुद्दाच वाटला नाहीं. त्यानें खुणा पाहिल्या, कथेचें मर्म पाहिलें आणि उरलेलें घारापुरीच्या म्हातारीप्रमाणें स्वतः भरून काढलें.

फाळके ह्यांना ही गोष्ट पक्की उमगली होती, ह्याचा पुरावा १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्यें आहे. कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिनें केली. पटाच्या आरंभीं फाळके त्या मुलीचा चेहरा प्रथम दाखवितात. ती हसते, रुसते, रागावते. अभिनयाचे हे नमुने पाहून घ्या, असें जणुं ते सांगतात. मग पाहतां पाहतां तिचा कृष्ण होतो. ही मुलगी आहे, हें लपविलेलें नाहीं. उलट आधीं कबूल करून मग तिला देव केलें आहे. आज कोट्यवधि रुपये ओतून नटाला चित्रासारखा 'हुबेहूब' करणारांनीं तो आरंभ एकदां अवश्य पाहावा.

तथापि हें युग फार टिकलें नाहीं. बोलपट आला आणि चित्रांतल्या देवाला आवाज फुटला. चित्राला आवाज कधींच नसतो. तो प्रत्येकानें आपल्या मनांत ऐकलेला असतो. घारापुरीच्या भिंतीवरचें तेंच गंगावतरण फाळके ह्यांनीं १९३७ सालीं कोल्हापुरास बोलपट करून आणलें, पण पूर्वीचें यश त्याला लाभलें नाहीं. आदल्याच वर्षीं प्रभातचा 'संत तुकाराम' आला होता. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या तालमींतले. फत्तेलाल तर पेशानेंच चित्रकार. पण त्यांनीं विष्णुपंत पागनीसांना तसबीर बनविलें नाहीं. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या ह्या गृहस्थांचा सौम्य चेहरा, साधा आवाज आणि अभंग म्हणतांनाची तल्लीनता एवढ्यावर तुकाराम उभा केला, आणि त्याच्या बाजूला घरखर्चाच्या काळजीनें करवादणारी, पायांत माती लागलेली जिजाई. पुष्पक विमानहि आहे, नाहीं असें नाहीं. परंतु तें येईपर्यंत आपण त्या घरांतले झालेले असतों. परिणाम उलटा झाला: पुढें कित्येक घरांतल्या तसबिरींतला तुकाराम पागनीसांसारखा दिसूं लागला!

आतां जपानकडे वळूं. ओसामु तेझुका ह्यांच्या 'तेत्सुवान आतोमु' ह्या यंत्रबालकाची चित्रकथा १९५२ सालीं सुरू झाली. तिचा नटांनीं केलेला दूरचित्रवाणी-खेळ १९५९ मध्यें आला, आणि रेखाटलेला चलत्पट त्याच्यामागून, १९६३ मध्यें. जगाच्या स्मरणांत राहिला तो दुसरा. शिंगांसारखे केस, डोळे बशीएवढे, हीं मांगांतलीं रूपें मुळीं माणसाच्या शरीराचीं नव्हेत. तीं चंद्रकोरीसारखीं चिन्हें आहेत. चिन्ह जसेंच्या तसें माणसावर चिकटविलें कीं तें सोंग होतें. आणि चिन्ह टाकून दिलें कीं ओळख बुडते. २००९ चा अमेरिकन 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन' असा दोन्हींकडून बुडाला. अरण्यांत वाढलेला, खादाड, निष्पाप गोकू तेथें शाळेंत हिणविला जाणारा अमेरिकन पोरगा झाला. १९९७ पासून चाललेल्या 'वन पीस' चें नेटफ्लिक्सनें २०२३ मध्यें रूपांतर केलें तेव्हां मूळ चित्रकार एइचिरो ओदा ह्यांना निर्मात्यांत बसविलें. मेक्सिकोचा तरुण नट लुफी झाला, तरी कोणाची तक्रार आली नाहीं म्हटलें तरी चालेल. गवती टोपी डोक्यावर होती आणि त्या पोराचा वेडा आनंद डोळ्यांत होता.

परंतु मला सर्वांत बोलकें उदाहरण वाटतें तें 'रुरौनी केन्शिन' चें. २०१२ च्या ह्या पटाचे दिग्दर्शक केइशी ओतोमो हे जपानी दूरचित्रवाणीच्या ऐतिहासिक मालिकांत मुरलेले. त्यांनीं नायकाचे तांबूस केस आणि गालावरचा फुलीसारखा व्रण राखला, तलवारीची उलटी धारहि राखली. मात्र बाकी सारें मेइजी काळच्या धुळींत आणि घामांत उतरविलें. खूण चित्रांतली, माती इतिहासांतली. आमच्या जिजाईच्या पायांची माती तीच.

मराठींतहि असा प्रयोग झाला आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ' मधून घरोघर आला. श्रीरंग गोडबोले ह्यांनीं २०१२ सालीं आणि पुन्हा २०१३ सालीं त्याचा चित्रपट केला. मुलें गोड होतीं, प्रयत्न प्रामाणिक होता. पण तीन-चार चौकटींत चहा निवण्यापूर्वीं संपणारा विनोद दोन तासांच्या कथानकाला जुंपला म्हणजे त्याचा दम लागतो. चिंटू वर्षानुवर्षें त्याच वयाचा राहतो. पडद्यावरचा मुलगा दुसऱ्या चित्रपटापर्यंत वाढलेला दिसतोच.

शेवटीं एक विलक्षण गुंता सांगावयाचा राहिला. युगो साको नांवाच्या जपानी गृहस्थांनीं आमच्या राम मोहन ह्यांच्या साह्यानें १९९२ च्या सुमारास संपूर्ण रामायण ॲनिमेंत आणलें. त्यांची भूमिका अशी कीं, राम हा देव. म्हणून नटाकरवीं दाखविण्यापेक्षां तो रेखाटलेलाच बरा. फाळक्यांच्या नेमकी उलट ही श्रद्धा! त्याच पटावरून स्फूर्ति घेऊन आमचे ओम राऊत ह्यांनीं १६ जून २०२३ रोजीं 'आदिपुरुष' आणला. नट आणि यंत्रचित्रें दोन्ही घेऊन. नमुना आदल्या ऑक्टोबरांतच लोकांनीं नापसंत केला होता, म्हणून पट पांच महिने लांबला. तरी रावणाच्या खुणा बदललेल्या, हनुमंताच्या तोंडीं गल्लींतली भाषा. संवाद प्रदर्शनानंतर बदलावे लागले. रविवर्मा, फाळके आणि १९८७ ची रामानंद सागरांची मालिका ह्यांनीं घरोघर रुजविलेली प्रतिमा एकीकडे, आणि पडद्यावरची दुसरीकडे. ह्या दोहोंमध्यें प्रेक्षकाला भरून काढण्यास जागाच ठेवली नव्हती.

साकोंचा मूळ चलत्पट २४ जानेवारी २०२५ रोजीं भारतांतील चित्रगृहांत पुन्हा लागला. ज्यांनीं तो लहानपणीं दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, ते आतां आपलीं मुलें घेऊन गेले.