दवाखाना स्वतःचा की नोकरी पगाराची?

सावद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आजचं बोलणं डॉक्टरांवर आहे, पण आजारावर नाही. नुकताच शिकून बाहेर पडलेला डॉक्टर किंवा डॉक्टरीण स्वतःचा दवाखाना टाकते की पगाराची नोकरी धरते, हे कशावरून ठरतं, ते आज पाहू. तुम्ही म्हणाल, ज्याचं त्याला ठाऊक, आपल्याला काय त्याचं? पण रात्री दोन वाजता लेकीला कळा सुरू झाल्या, तर कोणाचं दार वाजवायचं, हे त्या निर्णयावरच अवलंबून असतं. आणि हा प्रश्न आजचा नाही, सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

आपल्या आजीच्या काळी बाळंतपण सुईण करायची. तिला पगार नव्हता आणि ठरलेली फीही नव्हती. धान्य, लुगडं, नारळ, ज्याच्या घरात जे असेल ते मिळायचं. शिकलेली डॉक्टरीण आली तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला, की हिचं पोट कशावर चालणार? बाईला पुरुष डॉक्टर चालत नव्हता, म्हणून डॉक्टरीण हवी होती. पण त्या बाईच्या स्वतःच्या हातात पैसा नव्हता. जिच्या रोग्यांच्या हातात पैसाच नाही, तिनं फीवर दवाखाना चालवायचा कसा?

याचं उत्तर मुंबईत 1883 साली निघालं. काही व्यापारी आणि समाजसुधारकांनी वर्गणी जमवली, विलायतेहून डॉक्टरीण आणायचं ठरवलं आणि तिच्या पगाराची हमी घेतली. अशा रीतीनं डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. 1886 साली बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, तिथं त्यांनी काम केलं. म्हणजे डॉक्टरीण आली ती आधी पगाराची सोय झाली म्हणून.

त्याच 1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डवर नेमलं. तीही पगाराचीच जागा होती. पण परत आल्या त्या आजारी होऊनच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या वारल्या. वय वर्षं एकवीस. त्या जागेवर बसणं त्यांच्या नशिबी आलं नाही.

मग आल्या डॉ. रखमाबाई. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. नवऱ्यानं कोर्टात खेचलं. 1887 साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढं तडजोड झाली आणि 1889 मध्ये त्या लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या. त्या कामी डॉ. पीची यांनी मदत केली. परत आल्यावर 1895 पासून सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ नोकरी केली. सुरुवातीला बायका यायला घाबरत. असं सांगतात, की रखमाबाईंनी एका गाभण मेंढीची सुटका दवाखान्यात करून दाखवली, तेव्हा कुठं बायकांची भीती मोडली. पुढं सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत या, असं बोलावणं आलं. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या.

यात ध्यानात घेण्यासारखं काय? रखमाबाईंचा पगार रोग्याच्या खिशातून येत नव्हता. म्हणून एकही पैसा नसलेली बाईसुद्धा त्यांच्यापुढं ताठ मानेनं बसू शकत होती.

हाच विचार स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या पातळीवर मांडला गेला. 1946 साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. खेड्यात आरोग्य केंद्र हवं, तिथं पूर्णवेळ पगारी डॉक्टर हवा आणि त्यानं खाजगी धंदा करू नये, असं त्यात सांगितलं होतं. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. आज नियम आहे, की तीस हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि सातपुड्यासारख्या आदिवासी भागात वीस हजारांना एक.

इंग्लंडात मात्र वेगळंच झालं. 1948 साली तिथं सगळ्यांना मोफत उपचाराची योजना आली. आम्ही सरकारचे पगारी नोकर होणार नाही, असं म्हणून घरगुती डॉक्टर अडून बसले. शेवटी तडजोड निघाली. दवाखाना डॉक्टरचा स्वतःचा, पण पैसे सरकार देणार, तेही यादीत जितकी माणसं असतील त्या हिशोबानं. रोग्याला फी नाही आणि डॉक्टरला वरिष्ठ साहेब नाही.

आपल्याकडं दोन्ही वाटा वेगवेगळ्या राहिल्या. आज नवी डॉक्टरीण कोणता हिशोब मांडते, तो आपल्या गटाच्या वहीसारखा मांडून बघू.

स्वतःचा दवाखाना टाकला, तर गाळ्याचं डिपॉझिट, भाडं, नोंदणी, औषधं, कंपाउंडरचा पगार, दवाखान्याच्या कचऱ्याची विल्हेवाट आणि वर कर्जाचा हप्ता. आमच्या भागात उधारी हा मोठाच खर्च आहे. केळी कापली, व्यापाऱ्याचा चुकारा आला, की मग डॉक्टरचे पैसे. मजूर बाई म्हणते, बाजाराच्या दिवशी देते. उधारीची वही भरत जाते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. स्वतःचं बाळंतपण आलं, तर दवाखाना बंद आणि कमाईही बंद. पण मान आपला, वेळ आपली, बदली नाही. गाव विश्वास टाकतं आणि पिढ्यान् पिढ्या तेच दार वाजवतं.

नोकरीत कायम जागा असेल तर पगार, सहा महिन्यांची प्रसूती रजा आणि व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खाजगी धंदा न करण्याचा मोबदला. पण कंत्राटी जागा असेल तर ठरावीक मुदतीचा कागद, पुढं काय ते माहीत नाही. बदली आहे, बैठका आणि अहवाल आहेत. राहायला दिलेलं घर गळतं, पाणी नसतं, रात्री एकटीनं केंद्र सांभाळायचं असतं.

म्हणून पुष्कळ तरुण जोडपी मधली वाट धरतात. एकाचा दवाखाना आणि एकाची नोकरी. पगारावर घर चालतं, दवाखाना हळूहळू जम धरतो.

आपल्याच सातपुड्यात, पूर्वेकडं मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तिसरीच वाट काढली. पहिल्यांदा तपासायचे दोन रुपये, पुन्हा आलात तर एक रुपया. महिन्याला चारशे रुपयांत संसार करायची तयारी असेल तरच लग्न, अशी अट रवींद्रजींनी आधीच घातली होती. नागपूरचा चालता दवाखाना सोडून स्मिताताई गेल्या. पुढं त्यांनी शेती केली, रेशनचं दुकानही चालवलं. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांना आमचा नमस्कार. पण प्रत्येक डॉक्टरिणीनं एवढा त्याग करावा, अशी आशा धरून गावाचं आरोग्य चालत नाही. त्याग एखादीच करते. बाकीच्यांना आधार लागतो.

आमचं म्हणणं एवढंच. डॉक्टरीण तिथंच टिकते, जिथं तिच्या महिन्याची हमी कोणीतरी घेतलेली असते. मुंबईत ती वर्गणीदारांनी घेतली, कोल्हापुरात संस्थानानं, इंग्लंडात सरकारनं. आपल्या गावात कोण घेणार? पगार देणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागायचा आपल्याला हक्क आहे. आरोग्य केंद्रातली जागा रिकामी असेल, तर ग्रामसभेत उठून विचारा आणि ठरावात लिहून घ्या. गावच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीत आपल्या गटाची बाई हवी. डॉक्टरिणीच्या घराला पाणी, दिवा आणि कडी आहे का, हे तिनं बघावं. आणि खाजगी दवाखान्याची उधारी चुकाऱ्याच्या दिवशीच फेडावी. आपल्याला ती लहान वाटते, पण चाळीस घरांची मिळून डॉक्टरचा हप्ता होतो.

पुढच्या बैठकीत गटाची वही उघडाल, तेव्हा एक प्रश्न जरूर घ्या. आपल्या जवळच्या केंद्रात आज डॉक्टरांच्या जागा किती, भरलेल्या किती आणि रात्री तिथं कोण असतं? उत्तर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.