किमान वेतन व बेकारी : मुंबईचा कापडगिरणी उद्योग
किमान वेतनाचा दर ठरविणे आणि त्या दराने महिनाभर काम मिळणे, या दोन भिन्न बाबी होत. बेकारीच्या काळात हा भेद तीव्र होतो. परळ, लालबाग, दादर या भागांतील कापडगिरण्यांचा इतिहास याचे ठळक उदाहरण आहे.

जागतिक मंदी व जपानी कापडाची स्पर्धा यांमुळे १९३३-३४ मध्ये मुंबईतील अनेक गिरण्या बंद पडल्या. चालू गिरण्यांनी महागाई भत्त्यात कपात केली. तिचे प्रमाण सर्वत्र सारखे नसल्याने एकाच कामाची मजुरी गिरणीगणिक बदलू लागली. गिरणीच्या दारात बेकारांची गर्दी असल्याने कामगारांचे सौद्याचे बळ घटले आणि भरती करणाऱ्या जॉबरचे वर्चस्व वाढले. २३ एप्रिल १९३४ रोजी सुरू झालेला सार्वत्रिक संप अयशस्वी ठरला. त्याच वर्षी मुंबई सरकारने वेतन व बेकारी यांची एकत्रित चौकशी केली. त्यानंतर गिरणीमालक संघाने रोजंदारीच्या कामांसाठी किमान दरांची अनुसूची स्वीकारली. तथापि कामाच्या दिवसांची हमी तीत नव्हती. गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्या बदली कामगाराला कित्येक दिवस रिकाम्या हाताने परतावे लागे. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांच्या भरतीचे नियमन सुरू झाले.

बा. गं. खेर मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीत अर्थशास्त्रज्ञ ध. रा. गाडगीळ होते. वेतनवाढीने गिरण्या तोट्यात जाऊन बेकारी वाढेल, हा मालकांचा आक्षेप होता. उद्योगाची ऐपत विचारात घेऊन समितीने १९३८ च्या अंतरिम अहवालात क्रमबद्ध वाढ सुचविली : वेतन जितके कमी, तितके वाढीचे प्रमाण अधिक. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने २६ दिवसांच्या कामासाठी ३० रुपये किमान मूळ वेतन ठरविले. महागाई भत्ता निराळा होता. पुढील वर्षी किमान वेतन अधिनियम संमत झाला व अनुसूचित व्यवसायांत किमान दर ठरविण्याची वैधानिक व्यवस्था झाली.

२६ दिवस काम मिळणाऱ्यालाच ३० रुपयांचे ते किमान वेतन पूर्णपणे लाभे. बदली कामगाराची मिळकत मात्र हजेरीवर अवलंबून राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही, वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे, ही एक प्रमुख मागणी होती.