दारू सोडवायची तर गावाची साथ हवी : गाव पुढाऱ्यांनी आणि घरच्यांनी काय करावं, काय टाळावं

गडचिरोली : जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नाही, गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः बायांच्या आंदोलनातून आली. पण बंदीने दुकान बंद होतं. ज्याला आधीच रोजची सवय लागली आहे, त्याचं शरीर बंदीने बरं होत नाही. त्याला उपचार लागतो, आणि उपचारानंतर सांभाळून घेणारी माणसं लागतात. या कामात गावातल्या मानाच्या माणसांचा मोठा वाटा आहे. त्याबद्दलची ही माहिती.

लोकांना आपला वाटेल असा दवाखाना

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. धानोरा तालुक्यातील चातगावजवळ शोधग्राममध्ये दवाखाना बांधताना त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं लोक म्हणाले. म्हणून दवाखाना गावातल्या घरांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. देवी आपली, जागा आपल्या गावासारखी, मग माणूस बिचकत नाही.

२०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांचं 'मुक्तिपथ' अभियान जिल्ह्यात सुरू झालं. दारू आणि तंबाखू दोन्ही कमी करणे हा त्याचा हेतू. त्यात जनजागृती, गाव संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार अशी चार कामं एकत्र धरली आहेत. उपचारासाठी रुग्णाने शहरात जाण्याची वाट न बघता गावात शिबिर आणि तालुक्याला क्लिनिक, असा मार्ग घेतला आहे.

देवाचा मोह वेगळा, रोजची दारू वेगळी

गोंड, माडिया समाजात पूजेला, लग्नाला, मयतीला मोहाची दारू लागते. "तुमचा रिवाजच वाईट" असं कोणी बाहेरचा सांगायला लागला, तर लोक उठून जातात. ते बरोबरही आहे. देवाला वाहिलेले चार थेंब आणि सकाळी उठल्याबरोबर लागणारा ग्लास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीसाठी ड्रमभर सडवा टाकणं हा तर सरळ धंदा आहे.

हा फरक गायता, भूमिया, गावपाटील यांनी सांगितला तर लोक ऐकतात. उपचार घेणाऱ्याला कार्यक्रमात आग्रह करायचा नाही, त्याच्या वाटचं दुसऱ्याने घ्यायचं किंवा नुसतं पाणी शिंपडायचं, एवढं वडीलधाऱ्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं तरी त्या माणसाचं निम्मं ओझं उतरतं. वारकरी घरांत गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटते, हे आपण बघतोच. तिथेही माळेबरोबर दिंडीतली माणसं सोबत असतात.

कोण काय करू शकतो

- ग्रामसभा : अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने (१९९६) मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ठराव करताना विक्री बंद करण्यासोबत 'गावात उपचार शिबिर घ्यावे' हेही लिहा.
- बचत गट, गाव संघटना : पिणाऱ्याच्या बायकोशी आधी बोला. तिला मारहाण होत असेल तर तिची सोय पहिली. गरज पडल्यास महिला हेल्पलाइन १८१.
- आशाताई : गावात कोणाला उपचार हवा ते गुपचूप विचारा. यादी चावडीवर वाचू नका.
- दारू सोडलेला माणूस : याच्याइतका चांगला समजावणारा दुसरा नाही. गोंडी, माडियात बोलणारा असेल तर अजून चांगलं.

हे करू नका, जिवावर बेततं

१. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. शपथ घालून, खोलीत कोंडून, बांधून ठेवून तर नाहीच. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणे, माणूस न ओळखणे, बडबड सुरू होऊ शकते. बरेच जण याला बाहेरची बाधा समजतात. पूजा करायची तर करा, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा, १०८ ला फोन करा. डॉक्टर औषधाने हा त्रास आटोक्यात आणतात.

२. भाजीत, चहात चोरून 'दारू सोडायची गोळी' घालू नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, हृदयाला धोका होतो. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रुग्णाला सांगूनच द्यायची असते.

३. दंड, चारचौघांत अपमान, वाळीत टाकणं नको. माणूस दारू सोडत नाही, लपून प्यायला लागतो.

परत प्यायला तर?

बऱ्याच जणांचं एक-दोनदा घसरतं. म्हणून उपचार वाया गेला असं नाही. त्याच दिवशी परत क्लिनिकला न्या. बाजाराचा दिवस, मजुरीचा हप्ता, लग्नसराई, तेंदूपत्त्याचा पैसा हातात येतो तो आठवडा, या वेळा धोक्याच्या. तेवढे दिवस कोणीतरी सोबत राहा, पैसे घरात कोणाकडे राहतील ते आधी ठरवा.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही उपचारानंतरचा पाठपुरावा आणि घरच्यांशी बोलणं याला तेवढंच महत्त्व आहे. बायको, आई यांनाही मन मोकळं करायला जागा लागते.

खर्ऱ्याचंही असंच आहे. सोडल्यावर चिडचिड होते, तोंडाला काहीतरी हवं असतं. घरात पाहुण्याला खर्रा पुढे करणं बंद केलं तर सोडणाऱ्याला सोपं जातं.

कुठे विचारायचं

- नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन : १४४४६ (मोफत)
- मन अस्वस्थ असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस : १४४१६ (मोफत)
- जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय
- तालुका क्लिनिकचा वार आणि शिबिराची तारीख आशाताई किंवा गाव संघटनेकडे विचारा

जाताना एकट्याला पाठवू नका. घरचं एक माणूस आणि तो ज्याचं ऐकतो असा गावातला एक जण सोबत असू द्या. शेवटचं कधी प्याला, रोज किती पितो, आधी फिट आली होती का, हे डॉक्टरांना खरं सांगा. औषध त्यावरच ठरतं.