भरवशाची गाडी

मोटारगाडीचे वेड दम्यासारखे असते. एकदा जडले की जन्मभर सुटत नाही, आणि आपल्याबरोबर घरच्या माणसांचीही झोप मोडते. आमच्या रविवारच्या बैठकीत असे चार जुने रोगी नियमाने जमतात. चहाचा पहिला कप रिकामा होतो न होतो तोच ठरलेला प्रश्न निघतो : सर्वांत भरवशाची गाडी कोणती?

आमच्यातला एक अ‍ॅम्बॅसडरचा निस्सीम भक्त. "सहा माणसे, छपरावर ट्रंका आणि कोकणातला रस्ता, न्या तुमची दुसरी कुठलीही गाडी!" हे त्याचे ठेवणीतले वाक्य. दुसरा जपानी बनावटीचा अभिमानी. जिचे बॉनेट वर्षानुवर्षे उघडावेच लागत नाही तीच भरवशाची, असा त्याचा सिद्धान्त. तिसरा दोघांनाही डिवचतो आणि भजी संपवतो. मी फियाटवाला. हा वाद वीस वर्षे चालला आहे आणि मिटू नये अशीच सर्वांची मनोमन इच्छा आहे. परंतु गेल्या वर्षी माझ्याच हातून माझ्या गाडीच्या इंजिनाची वाट लागली. ते पुन्हा उभे करताना सहा महिने गेले, आणि तेवढ्या अवधीत ह्या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या बाजूने पाहायला शिकलो.

गाडी १९६६ सालची, माझ्या वडिलांनी घेतलेली. त्या काळी फियाट म्हणजे केवढे प्रकरण होते, हे एका गोष्टीवरून कळेल. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी फियाट घ्यायची ठरवली तेव्हा तिची किंमत सुमारे १२,००० रुपये होती, आणि देशाच्या ह्या पंतप्रधानाला त्यापैकी ५,००० रुपये बँकेकडून कर्जाऊ घ्यावे लागले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ललिताबाईंनी ते कर्ज आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. मग आमच्यासारख्यांच्या घरी गाडी आली की तिला कुंकू लावून आत घेत, ह्यात नवल ते काय? वडिलांनी गाडीबरोबर एक वही घातली. तेल कधी बदलले, टायर कधी फिरवले, कोणत्या घाटात किती पाणी घातले, सारे तीत टिपलेले.

आता ह्या गाडीचे मूळ पाहू. इटलीतील तुरीन शहरी १९३७ साली फियाट कारखान्याने दांते जाकोसा ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली एक लहान गाडी तयार केली. तिच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १,०८९ घन सेंटिमीटर भरतात. खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. मध्ये महायुद्ध होऊन गेले. १९५३ साली गाडीचे अंग नवे झाले, पण आतले हे माप तेच राहिले.

ते मुंबईस पोहोचले सोलापूरच्या एका हट्टी माणसामुळे. वालचंद हिराचंदांनी बोटी चालवल्या, बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. मोटारी येथेच व्हाव्यात हा त्यांचा तिसरा ध्यास. १९३९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांच्या प्रेरणेने ह्या योजनेची बरीच जुळवाजुळव झाली होती, पण परक्या सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या. सुटे भाग यायचे, जोडणी येथे व्हायची. पुढे फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद वारले. त्याच साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी आवरते घ्यावे; ज्यांना टप्प्याटप्प्याने सुटे भागही येथे बनवायचे असतील त्यांनीच राहावे. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. कुर्ल्यास फियाट अकराशे होऊ लागली. तिच्या आरंभीच्या गोलमटोल अवताराला मुंबईकरांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिकडे बंगालात उत्तरपाड्यास मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून १९५७ पासून अ‍ॅम्बॅसडर निघाली. ती २०१४ पर्यंत निघत होती.

ह्या धोरणाचे दोन परिणाम झाले. ग्राहकाचे हाल झाले हे पहिले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि मिळेल ती गाडी पदरात घ्यायची. कारखान्यांना स्पर्धेचा धाक नव्हता. इटलीत १९६२ साली ह्याच गाडीला मोठे, १,२२१ घन सेंटिमीटरचे इंजिन बसले. आपल्याकडे मात्र १,०८९ च कायम राहिले. १९७४ मध्ये गाडीचे नाव पद्मिनी झाले, तरी आतले माप बदलले नाही. ह्या शतकाच्या उंबरठ्यावर कुर्ल्यातून शेवटच्या पद्मिनी निघाल्या, तेव्हा त्या ६८ मिलिमीटरचे वय साठीच्या पुढे गेले होते!

पण दुसरा परिणाम आमच्या बैठकीत कोणी कधी बोलला नव्हता. गाडी बदलता येत नाही म्हटल्यावर ती दुरुस्त करणे भाग पडले. इंजिन बदलत नसल्यामुळे बापाचे कसब मुलाच्या कामी आले. कुर्ल्यापासून कोल्हापुरापर्यंत बोअर करणारे, क्रँक घासणारे, रिंगा बसवणारे कारागीर तयार झाले. निळा धूर दिसला की तेल जळते आहे, हे त्यांना यंत्रावाचून कळे. काळ्यापिवळ्या टॅक्स्या ह्याच हातांच्या जोरावर रात्रंदिवस धावल्या. वीस वर्षांची मुदत भरून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्या हातांचे बरेचसे काम संपले.

असो. माझी कथा सांगतो. मिस्त्रींनी मला दोनदा बजावले होते, "दादा, पाण्याचा पाइप फुगलाय, बदलून घ्या." मी हो म्हणालो आणि विसरलो. खंडाळ्याच्या घाटात तो फुटला. बॉनेटखालून वाफ येताना दिसली, तरी "एवढे वळण काढू" म्हणून मी गाडी दामटली. लोखंड जे सोसते ते अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही. हेड वाकले, गॅस्केट उडाले, दोन पिस्टन सिलिंडरला चिकटून ओरबाडले गेले.

मिस्त्रींचे वय आता पंचाहत्तरीच्या घरात. त्यांचा मुलगा दुसऱ्या कामाला लागलेला. त्यांनी इंजिन खोलून मांडले, माप घेतले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा असते तर मला रागावले असते. तुम्हाला नाही, मला. पाइप मी जबरदस्तीने का बदलला नाही म्हणून."

मला खाली पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अडचण अशी होती. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा कोरतात आणि तेवढाच मोठा पिस्टन घालतात. वहीत दोन नोंदी होत्या : १९७९ आणि १९९४. आता आणखी कोरायला भिंतीत लोखंडच उरले नव्हते. कोणी म्हणाले, दुसरे इंजिन टाका. कोणी म्हणाले, भंगारात द्या. मिस्त्री म्हणाले, "स्लीव्ह घालू." म्हणजे सिलिंडर कोरून त्यात लोखंडी नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ मापाला आणायची. काम नाजूक. चारही नळ्या सरळ बसल्या पाहिजेत. नाही तर ब्लॉकच तडकायचा.

त्यांनी ते पत्करले, एका अटीवर : मी रोज संध्याकाळी हाताखाली यायचे. मी गेलो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, बोल्ट रॉकेलात धुतले, पिस्टनसाठी चोरबाजार आणि कुर्ला पालथे घातले. हेडचा वाक मशीनवर काढला. क्रँक घासून त्याला नवी बेअरिंगे बसली. मिस्त्रींची नजर अधू झाली आहे, पण बोट फिरवून ते सांगत, "इथं अजून कचरा आहे," आणि तो असेच. त्या बोटाएवढी भरवशाची वस्तू मी कोणत्याही कारखान्याच्या जाहिरातीत वाचली नाही.

दसऱ्याच्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला. बैठकीचे तिघेही आले होते. स्टार्टरने दोनदा खाकरले, तिसऱ्यांदा इंजिन लागले. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. अ‍ॅम्बॅसडरवाला काही बोलणार, तोच जपानवाल्याने त्याला हाताने गप्प केले. मिनिटभराने मिस्त्री म्हणाले, "पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही. अडुसष्टवर आणलीय. अण्णांनी घेतली तेव्हा होती तिथं."

त्या रात्री मी वही काढली. वडिलांच्या अक्षराखाली तारीख घातली आणि तिसरी नोंद केली : "इंजिनकाम. चार स्लीव्ह, नवे पिस्टन, हेड सरळ केले. कारण : पाण्याचा पाइप वेळेवर बदलला नाही. चूक माझी." लिहीत असता थोरली मुलगी खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "बाबा, तेल कसं बघायचं ते उद्या मला दाखवा." सकाळी आम्ही दोघे खाली गेलो, बॉनेट उघडले, आणि तेलाची कांडी मी तिच्या हाती दिली.